त्वचेचा ओलावा आणि साखरेचे रेणू

हिवाळा सुरू झाला की देशाच्या उत्तर व मध्य भागांत ओठ फुटणे, हातापायांची त्वचा खरखरीत होणे, टाचांना भेगा पडणे या तक्रारी वाढू लागतात. उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागताच विदर्भ, मराठवाडा आणि दख्खनच्या पठारावरही हाच अनुभव येतो. याच दिवसांत त्वचा मऊ ठेवणाऱ्या क्रीम व लोशनची मागणी वाढते. या उत्पादनांच्या वेष्टनावरील घटकांची यादी बारकाईने वाचल्यास ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, झायलिटॉल, ट्रेहॅलोज, मध, सॅकराइड आयसोमरेट अशी नावे वारंवार आढळतात. त्यांतील काही द्रव्ये स्वतः शर्करा आहेत, काही शर्करेपासून तयार केलेली आहेत, तर काही तिच्या जवळच्या रासायनिक कुळातील आहेत. खाद्यपदार्थांना गोडी आणणाऱ्या या द्रव्यांचे त्वचेवर काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. साखरेला पाण्याविषयी असलेल्या आकर्षणात त्याचे उत्तर दडलेले आहे.

हा विषय केवळ सौंदर्यप्रसाधनांपुरता मर्यादित नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात २०२१ मध्ये सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतूंना इजा होऊन पायांना घाम येणे कमी होते आणि त्वचा कोरडी पडते. संवेदना बोथट झाल्यामुळे टाचेला पडलेली भेग रुग्णाच्या लक्षात येत नाही आणि त्या भेगेतून जंतुसंसर्ग आत शिरू शकतो. अशा रुग्णांच्या दृष्टीने पायांचा ओलावा टिकवणे ही उपचाराइतकीच महत्त्वाची बाब ठरते.

गूळ का पाझरतो?

पावसाळ्यात डब्यातील गुळाला पाणी सुटते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्याच फडताळावर ठेवलेली पांढरी दाणेदार साखर मात्र बरेच दिवस कोरडी राहते. या साध्या निरीक्षणातच साखर आणि ओलावा यांच्या नात्याचे मर्म सामावलेले आहे.

ग्लुकोज या साध्या शर्करेच्या एका रेणूत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे बारा आणि ऑक्सिजनचे सहा अणू असतात. ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एकेक जोडी मिळून बनणारे पाच हायड्रॉक्सिल गट या रेणूच्या भोवती पसरलेले असतात. पाण्याच्या रेणूतही ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन विद्युतभार असतो. त्यामुळे हायड्रॉक्सिल गट आणि पाण्याचा रेणू एकमेकांकडे ओढले जातात. या आकर्षणाला हायड्रोजन बंध असे म्हणतात. एक बंध दुर्बळ असतो. पण शर्करेच्या प्रत्येक रेणूला असे अनेक बंध एकाच वेळी जोडता येत असल्यामुळे पाणी सहजासहजी उडून जात नाही.

पांढऱ्या साखरेच्या, म्हणजेच सुक्रोजच्या रेणूतही असे आठ गट असतात. मात्र स्फटिकात हे रेणू परस्परांना घट्ट धरून बसलेले असल्याने बाहेरच्या पाण्याला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच शुद्ध साखरेचे स्फटिक विरघळू लागतात. फळांतील व मधातील फ्रुक्टोज ही शर्करा मात्र सुमारे ६२ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचेही मिश्रण असते. अशा मिश्रणाला ओल धरण्यासाठी आणखी कमी आर्द्रता पुरते. म्हणून पावसाळी हवेत गूळ पाझरतो आणि मध उघडा राहिल्यास पातळ होत जातो.

हवेतील किंवा आसपासचे पाणी ओढून धरून ठेवणाऱ्या अशा द्रव्यांना आर्द्रताधारक म्हटले जाते. क्रीममध्ये शर्करा आधीच पाण्यात विरघळलेली असल्याने स्फटिकाचा अडथळा तेथे नसतो आणि तिचे हायड्रॉक्सिल गट पाणी धरण्यास मोकळे असतात.

मऊपणा पाण्यामुळे, तेलामुळे नव्हे

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तळहात व तळपाय सोडल्यास शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकीच असते. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या, चपट्या व मृत पेशींचे पंधरा-वीस थर त्यात एकावर एक रचलेले असतात. पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजवलेल्या असतात. विटा आणि चुना यांनी बांधलेल्या भिंतीची उपमा या रचनेला नेहमी दिली जाते. शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व अपायकारक द्रव्ये आत येऊ न देणे हे या भिंतीचे काम आहे.

त्वचा कोरडी होते म्हणजे तिच्यातील तेल कमी होते, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. अमेरिकी संशोधक आयर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजुतीला छेद दिला. कडक झालेला शृंगस्तराचा तुकडा तेलात कितीही काळ ठेवला तरी मऊ होत नाही. पाणी मिळताच तो पुन्हा लवचिक होतो, असे त्यांनी दाखवून दिले. या थरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होऊन त्याला भेगा पडू लागतात. तेलाची उपयुक्तता यामुळे संपत नाही. तेल आतल्या पाण्यावर झाकण घालते आणि ते उडून जाण्याचा वेग कमी करते.

त्वचेची स्वतःची व्यवस्था

ओलावा धरून ठेवण्यासाठी निसर्गाने त्वचेतच तजवीज केलेली आहे. शृंगस्तराच्या पेशींमध्ये पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांचे एक मिश्रण असते. त्याला नैसर्गिक आर्द्रताकारक घटक असे नाव आहे. त्यात अमिनो आम्ले, लॅक्टेट, युरिया आणि काही प्रमाणात शर्करा असतात. फिलॅग्रिन या प्रथिनाचे विघटन होऊन त्यातील अमिनो आम्ले तयार होतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि त्वचेचा जन्मजात कोरडेपणा व इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला.

त्वचा ग्लुकोजही स्वतःच तयार करते. पेशींमधील स्निग्ध भिंत बांधताना सिरॅमाइड हा पदार्थ ग्लुकोजशी जोडलेल्या स्वरूपात पेशीबाहेर सोडला जातो. तेथे एक विकर ही जोडी तोडते. सिरॅमाइड भिंतीत बसते आणि ग्लुकोज मोकळे होते. ग्लिसरीनही त्वचेला परके नाही. त्वचेतील तैलग्रंथींतून येणाऱ्या मेदाचे विघटन झाले की ते तयार होते. याशिवाय अॅक्वापोरिन-३ नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिकांमधून ते त्वचेच्या पेशींत प्रवेश करते. पेशींच्या आवरणातील या जलनलिकांच्या शोधाबद्दल पीटर अॅग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अॅक्वापोरिन-३ नसलेल्या, त्यामुळे कोरडी त्वचा असलेल्या उंदरांना ग्लिसरीन दिले असता त्यांच्या त्वचेचा ओलावा व लवचिकता पूर्ववत झाल्याचे आढळले.

साबण, वारंवार धुणे, गरम पाणी आणि वाढते वय यांमुळे त्वचेतील हे पाण्यात विरघळणारे घटक कमी होत जातात. मॉइश्चरायझरमधील शर्करा व तत्सम द्रव्ये हीच उणीव काही अंशी भरून काढतात.

ग्लिसरीन : स्वस्त आणि भरवशाचे

या वर्गातील सर्वांत जुने व सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे ग्लिसरीन. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून ते वेगळे केले. त्याची चव गोड लागल्याने त्यांनी त्याला तेलातील गोड तत्त्व म्हटले. पुढे ग्रीक भाषेतील गोड या अर्थाच्या शब्दावरून ग्लिसरीन हे नाव रूढ झाले. काटेकोरपणे पाहिल्यास ग्लिसरीन ही शर्करा नव्हे. मात्र तिच्याप्रमाणेच ते हायड्रॉक्सिल गटांनी समृद्ध असून शर्करेपासून बनणाऱ्या सॉर्बिटॉल व झायलिटॉल यांच्याच कुळात मोडते.

ग्लिसरीनचा रेणू लहान असतो. त्यात कार्बनचे केवळ तीन अणू आणि तितकेच हायड्रॉक्सिल गट असतात. लहान आकारामुळे ते शृंगस्तराच्या थरांत शिरते आणि तेथे काही काळ साठून राहते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असलेल्या हवेत १०० ग्रॅम शुद्ध ग्लिसरीन कालांतराने सुमारे २५ ग्रॅम पाणी ओढून घेते. त्याचा आणखी एक उपयोग प्रयोगशाळेत दिसून आला आहे. कोरड्या हवेत शृंगस्तरातील स्निग्ध पदार्थ गोठून कडक होऊ पाहतात. ग्लिसरीन त्यांना तसे होण्यापासून रोखते. त्यामुळे भिंतीतील चुन्याचा लवचिकपणा टिकून राहतो.

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी यांचे मिश्रण हिवाळ्यात हातापायांना लावण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे. ग्लिसरीन पाण्यात मिसळून वापरण्याची ही पद्धत शास्त्राला धरून आहे. निव्वळ ग्लिसरीन थेट लावल्यास ते त्वचेतीलच पाणी ओढू लागते. मुरांब्यासाठी कैरीच्या फोडी साखरेत घातल्या की थोड्याच वेळात भोवती पाक साचतो, त्यामागेही हीच परासरणाची क्रिया असते. पाणी कमी संहत द्रावाकडून अधिक संहत द्रावाकडे जाते. आर्द्रताधारक द्रव्य सौम्य असेल तर ते त्वचेला पाणी राखण्यास मदत करते. अतिसंहत असेल तर चिकटपणा, चुरचुर आणि कोरडेपणा निर्माण करू शकते.

नव्या शर्करा, नवे दावे

मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज आणि ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल औद्योगिक प्रमाणावर तयार केले जाते. टूथपेस्ट सुकू नये म्हणून त्यात घातले जाणारे हेच सॉर्बिटॉल अनेक क्रीममध्येही असते. ट्रेहॅलोज ही ग्लुकोजच्या दोन रेणूंपासून बनलेली शर्करा आहे. यीस्ट, भूछत्रे आणि पूर्ण सुकूनही पाणी मिळताच पुन्हा टवटवीत होणाऱ्या काही वनस्पतींमध्ये ती आढळते. पाणी नाहीसे झाले तरी पेशींतील प्रथिनांची व आवरणांची रचना ती सांभाळते. स्टार्चपासून ती स्वस्तात तयार करण्याची पद्धत जपानमध्ये १९९० च्या दशकात विकसित झाल्यानंतर तिचा वापर वाढला.

सॅकराइड आयसोमरेट हे ग्लुकोजवर प्रक्रिया करून मिळवलेले शर्करांचे मिश्रण आहे. ते केराटिनमधील लायसिन या अमिनो आम्लाला चिकटून बसते आणि त्यामुळे धुतल्यानंतरही काही काळ टिकते, असे उत्पादकांचे म्हणणे आहे. अलीकडे सर्वाधिक चर्चेत असलेले हायलुरॉनिक आम्लही शर्करांपासूनच घडलेले आहे. दोन प्रकारच्या शर्करा-घटकांची आळीपाळीने गुंफलेली ती लांब साखळी असते. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील द्रवातून ते प्रथम वेगळे केले. त्याचे मोठे रेणू त्वचेच्या आत फारसे शिरत नाहीत; पृष्ठभागावर ओलसर पापुद्रा तयार करणे हे त्यांचे मुख्य काम होय. वजनाच्या कित्येक पट पाणी धरण्याचा जाहिरातींतील उल्लेख त्वचेवरील प्रत्यक्ष परिणामाचे माप मानता येत नाही.

ही सर्व द्रव्ये आपापल्या परीने उपयुक्त आहेत. मात्र त्यांचे मूळ तत्त्व एकच आहे आणि ते तत्त्व अत्यल्प किमतीचे ग्लिसरीनही पाळते. क्रीमच्या भारी किमतीमागे सुगंध, स्पर्श, बाटली आणि जाहिरात यांचाही मोठा वाटा असू शकतो.

हवा कोरडी असेल तेव्हा

आर्द्रताधारक द्रव्ये पाणी निर्माण करत नाहीत. असलेले पाणी ओढतात व धरून ठेवतात. त्यामुळे पाणी कोठून येणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत त्यांना बाहेरूनही काही पाणी मिळू शकते. राजस्थान, लडाख किंवा हिवाळ्यातील नागपूर येथील कोरड्या हवेत, तसेच वातानुकूलित खोलीत, हे पाणी मुख्यतः त्वचेच्या आतल्या थरांतून वर येते. वर झाकण नसेल तर तेही उडून जाते.

म्हणूनच चांगल्या मॉइश्चरायझरमध्ये आर्द्रताधारक द्रव्याबरोबर स्निग्ध पदार्थही असतात. पेट्रोलियम जेली, मेण, वनस्पतिजन्य तेले व सिरॅमाइड हे त्यातले प्रमुख होत. कोकण व गोव्यात टाचांच्या भेगांवर कोकमाचे तेल लावण्याची प्रथा आहे. तेही झाकणाचेच काम करते. आंघोळीनंतर अंग घासून कोरडे न करता हलकेच टिपावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्या वेळी धरून ठेवण्यासाठी पाणी हाताशी असते. आंघोळीचे पाणी कढत नसावे, याकडेही लक्ष द्यावे.

साखर लावल्याने रक्तातील साखर वाढते का?

वेष्टनावर ग्लुकोज किंवा मध असे शब्द वाचून अनेक मधुमेही रुग्ण साशंक होतात. अखंड त्वचेच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचे कारण नाही. शृंगस्तराची स्निग्ध भिंत पाण्यात विरघळणाऱ्या शर्करांना सहज आत जाऊ देत नाही. क्रीममधील त्यांचे प्रमाणही अल्प असते. त्यामुळे रक्तातील साखरेवर जाणवण्याइतका परिणाम होत नाही.

मधुमेहींनी खरी काळजी घ्यायला हवी ती पायांची. तळवे व टाचा रोज पाहाव्यात आणि त्यांना नियमितपणे मॉइश्चरायझर लावावे. बोटांच्या बेचक्यांत मात्र ते लावू नये, कारण तेथे साचलेल्या ओलीमुळे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. भेगेतून रक्त किंवा पू येत असल्यास, पाय लाल किंवा गरम झाल्यास घरगुती उपाय करत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

स्वयंपाकघरातील साखर आणि मध

साखर व लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दाणेदार साखरेने मृत पेशी खरवडल्या जातात आणि त्वचा काही वेळ गुळगुळीत लागते. हा परिणाम घासण्याचा आहे, ओलावा वाढल्याचा नाही. जोराने घासल्यास सूक्ष्म ओरखडे पडून भिंतीलाच इजा पोहोचते. लिंबाच्या रसातील काही द्रव्यांमुळे उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डागही पडू शकतात.

मधात शर्करांचे प्रमाण इतके अधिक असते की त्यात जंतूंची वाढ सहसा होत नाही. जखमांसाठी वापरला जाणारा मध मात्र निर्जंतुक करून खास तयार केलेला असतो. स्वयंपाकघरातील मध उघड्या जखमेवर लावणे टाळावे. पाणी मिसळून सौम्य झालेल्या शर्करेत जंतू सहज वाढतात. यामुळेच बाजारातील क्रीममध्ये परिरक्षक घालावे लागतात आणि घरी केलेले मिश्रण थोडेच करून लवकर संपवावे लागते.

वेष्टन वाचताना

देशात लागू असलेल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्यापेक्षा अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. त्यामुळे यादीच्या सुरुवातीला पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन असेल तर त्याचे प्रमाण पुरेसे असण्याची शक्यता अधिक असते. वेष्टनाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत झळकणारी एखादी नवी शर्करा यादीच्या अखेरीस सुगंधद्रव्यांच्या शेजारी आढळली, तर तिचे प्रमाण नाममात्र असू शकते. इसब किंवा अतिसंवेदनशील त्वचा असलेल्यांनी सुगंधविरहित उत्पादन निवडावे आणि आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहावे.

साखरेच्या रेणूमागील विज्ञान समजून घेतल्यास खरेदीचा निर्णय सोपा होतो. पाणी धरणारे एक द्रव्य, त्यावर झाकण घालणारा एक स्निग्ध पदार्थ आणि ते ओलसर त्वचेवर रोज लावण्याची सवय, एवढ्या तीन गोष्टी बहुतेकांना पुरतात. त्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. टाचेला भेग पडण्याआधीच ही सवय लावून घेणे श्रेयस्कर, आणि मधुमेहींसाठी तर ते अत्यावश्यकच आहे.